गाडीच्या पोटातला कापूस

"काकू, या पॅकेजमध्ये सीआरपी फ्री आहे," रक्त घेणारी पोट्टी हसून म्हणाली, आणि मी तिच्या अंगावर खेकसले, "नको मले तुहं फ्री! साखर पाहा, थायरॉइड पाहा अन् सोड मले." बिचारी गोंधळली. तिला काय माहीत? त्या वर्षी ती घरात बसून मोबाइलवर गणित शिकत असेल. मी मात्र दंडावर कापूस दाबून, पावती न घेताच रस्त्यावर आले. साठीला टेकलेली बाई, तीन अक्षरांना भ्यायली. सांगायचीसुद्धा लाज वाटते.

घरी येते तो यांनी अंगणात कूलर काढून ठेवलेला. मागच्या वर्षीचं काळं पडलेलं गवत उपसून फेकलं होतं आणि नवा वाळा पाण्यात भिजत घातला होता. त्या वासानं उरलंसुरलं काम केलं. ओला वाळा, गंजलेला पत्रा, कोपऱ्यावरच्या हातगाडीवरची संत्री, आणि दुपारी अकरालाच पांढरं पडलेलं ऊन. आमच्याकडे फाल्गुन असाच येतो. लोकांना पळस दिसतो, रंग दिसतो. मला वरची खोली दिसते. दरवर्षी हा ऋतू येतो, माझा हात धरतो आणि मला जिना चढवून त्या खोलीत नेऊन बाहेरून कडी घालतो.

कोरोनाच्या त्या दुसऱ्या खेपेला आमचं अमरावती सगळ्यांच्या आधी बंद झालं. बाकीचा महाराष्ट्र लग्नाच्या पंगती उठवत होता आणि आमच्या चौकात बांबू आडवे पडले होते. पुण्याची नणंद फोनवर म्हणाली, "तुम्ही लोक काळजीच घेत नाही बाई." मी म्हटलं, "थांब थोडी, तुझ्याकडेही येते बस." माझी जीभ काळी नाही, पण महिनाभरात पुण्याचीही तीच गत झाली. तोवर मला ताप भरलेला होता, अंगणातल्या मोगऱ्याच्या फुलांना वास येईनासा झाला होता, आणि माझी रवानगी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत झाली होती.

खोली कसली, तवाच तो. जुने पेपर, मुलाची मोडकी सायकल, गव्हाची कोठी आणि मी. हे जिन्याच्या चौथ्या पायरीवर ताट ठेवायचे आणि डावानं कठडा वाजवायचे. जसं काही मी देवळातली देवी आणि नैवेद्य आला. कूलर मागितला तर म्हणाले, "कूलरच्या वाऱ्यानं विषाणू पसरतो, मला मेसेज आलाय." कुठल्या उंटावरच्या शहाण्यानं तो मेसेज पाठवला होता कोण जाणे, पण त्याच्या नावानं मी रोज बोटं मोडत असे. खिडकीतून शेजारच्यांची गच्ची दिसायची. तिथं कुणी पापड वाळत घातले नाहीत त्या वर्षी. रिकामी दोरी तेवढी हलायची.

माझा आजार मामुली होता. जीव टांगणीला लागला तो दुसऱ्याच फोननं. अकोल्याहून दादाचा, माझ्या भावाचा फोन आला. "नंदे, बाबाले भरती केलं. ऑक्सिजन उतरला."

माझं माहेर अकोल्याचं, मोर्णेच्या पलीकडे जुन्या शहरात. अमरावतीहून एसटीत बसलं, बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, की एक डुलकी होईस्तोवर अकोला येतं. आयुष्यभर उठसूट केलेला प्रवास. आता मधे जिल्ह्याची हद्द, हद्दीवर पोलीस, आणि पोलिसानं सोडलं तरी मी स्वतःच रोगाची पुडी. दादा दवाखान्याच्या फाटकाबाहेर निंबाखाली उभा, आई घरात एकटी, बाबा आत, मी वर. चौघं चार पिंजऱ्यांत. बाबा वाचतात की नाही, एवढा एकच प्रश्न होता, आणि त्यासाठी मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं.

बाबांविषयी सांगितलं पाहिजे. ते सरकारी खरेदी केंद्रावर कापसाचे ग्रेडर होते. त्या काळात ग्रेडर म्हणजे हंगामातला देवच, कारण कापसाला एक नंबर की दोन नंबर की सगळ्यात खालची कवडी, हे तो बोलेल तसं. आणि बोलल्यावर बदल नाही. बाबांनी एकदा आपल्या सासऱ्याच्या गाडीला दोन नंबर दिला. मामा, आजा, गडी, सगळे केंद्रावर उभे आणि जावई म्हणतो, "दोन नंबर, पुढची गाडी घ्या." आई त्या दिवाळीला माहेरी गेली ती लवकर परतलीच नाही. अजूनही भांडण रंगात आलं की ती त्या गाडीवरच येते. बाबांचं उत्तर ठरलेलं, "कापूस दोन नंबर होता त म्या काय करू?"

त्यांची दुसरी ऐट डोळ्यांची. पंचाहत्तरी ओलांडली तरी चष्मा नाही. चिमटीत बोंडाचा कापूस धरायचा, दोन अंगठ्यांनी हलकेच ओढायचा, आणि उन्हाकडे धरून धाग्याची लांबी सांगायची. आईची सुई तेच ओवून द्यायचे. "तुह्या बापाचे डोळे सरकारनं जमा करून ठेवले पाह्यजेत," ती म्हणायची. तेवढं एक कौतुक त्या सासऱ्याच्या गाडीतून वाचलं होतं.

तर असे बाबा खाटेवर, तोंडाला मास्क, हाताशी फोन. आणि आम्ही शिकत होतो नवी बाराखडी. सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, आयएल-सिक्स. रक्तातल्या जळजळीचं मोजमाप, डॉक्टर सांगत. अंगात आग किती पेटली आहे ते त्यातून कळतं, पुढे ती भडकेल की विझेल याचा अंदाज येतो. अख्खं वऱ्हाड तेव्हा तीच भाषा बोलत होतं. एरवी "पाऊस किती झाला तुमच्याकडे?" असं विचारणारी माणसं "सीआरपी किती हाये?" विचारायची. भाजीवाला विचारायचा. दूधवाला विचारायचा. माझी एक मैत्रीण तर म्हणाली, "आमच्या सासूबाईचा फेरिटिन तुमच्या बाबापेक्षा जास्त हाये," आणि त्यात मेलीला थोडा अभिमान होता की काय असं मला वाटलं.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं दादाला बजावलं होतं, पेशंटला आकडे सांगू नका, घाबरतात. रिपोर्ट दादाच्या फोनवर यायचा, दादा घरच्या ग्रुपवर टाकायचा, आणि पुढच्या मिनिटाला बाबांचा फोन मला. दादा त्यांना टोलवायचा हे त्यांना माहीत होतं. मी कोंडलेली, रिकामी, आणि खोटं बोलले की माझा आवाज चिरकतो हेही त्यांना माहीत होतं. मास्क जरासा बाजूला सारून, दोन श्वासांच्या मधे ते विचारायचे, "कावं नंदे... आज का भाव निघाला?"

भाव! सीआरपीला ते भाव म्हणायचे. मी सांगायचे. एकशे चाळीस. एकशे दहा. मग परत एकशे तीस. तिकडून ऑक्सिजनच्या बाटलीतली बुडबुड ऐकू यायची आणि मग एक "हं." केंद्रावर ते असंच "हं" म्हणायचे आणि गाडीवाल्याच्या तोंडचं पाणी पळायचं. आता माझं पळायचं.

एकदा मी चिडून म्हटलं, "बाबा, थेंबभर रक्तावरून माणसाचं सारं कसं काय सांगते कोनी?" तर म्हणाले, "सांगते. शितावरून भाताची परीक्षा होतेच. पण गाडी भातावानी नसते, नंदे. वरचा कापूस पांढरा, खालचा पाणी मारलेला. म्हणून गाडीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालाव लागते. हे लोक बी तेच करून राहिले. माह्या पोटात हात घालून राहिले." एवढं बोलून त्यांना खोकला आला आणि फोन बंद झाला. मी पत्र्याकडे बघत पडून राहिले. पत्रा दुपारी तापला की टणटण वाजायचा, आणि मला दर वेळी फोनच वाजला असं वाटायचं.

मग तो दिवस आला, आमच्या आनंदाचा. डी-डायमर म्हणजे रक्तात गुठळ्या होत असल्याची खूण. बाबांचा सहाशे ऐंशी होता आणि डॉक्टर त्याच्यावर खुश नव्हते. त्या दिवशी रिपोर्ट आला, एक पूर्णांक नऊ. सहाशे ऐंशीवरून एक पूर्णांक नऊ! दादानं ग्रुपवर टाकलं, "उतरलाऽऽ!" त्याखाली हात जोडलेल्या आकृत्यांची रांगच रांग. आईनं देवापुढे साखर ठेवली. यांनी जिन्याखालून ओरडून माझं अभिनंदन केलं आणि त्या दिवशी ताटात शिरा आला. वास येत नव्हता तरी मी तो चाटूनपुसून खाल्ला. खूप दिवसांनी जिवात जीव आला होता.

बाबांचा फोन आला. मी जवळजवळ गातच सांगितलं. तिकडे बुडबुड. मग, "एवढा? एकदम?"

"हाव बाबा! औषध लागू पडलं."

"नंदे, कापसाचा भाव असा कोसळला त माणूस पह्यले का इचारते?"

"आता भावाचं काय काढलं बाबा?" मी म्हटलं.

"इचारते, क्विंटलचा सांगून राहिला का खंडीचा? आकड्याच्या मांगं का लेहलं हाये ते वाच."

मी रिपोर्ट पुन्हा उघडला, बोटांनी मोठा केला. आकड्यामागची बारीक अक्षरं वेगळी होती. पहिल्या लॅबचं सामान संपलं म्हणून नमुना दुसरीकडे गेला होता, आणि या लॅबचं माप वेगळं होतं. हजारपटीचं. म्हणजे एक पूर्णांक नऊ हे पहिल्या मापात एकोणीसशे. उतरला कुठला, जवळपास तिप्पट चढला होता. कापसाच्या गावात जन्म गेलेले आम्ही, क्विंटल आणि खंडीची गफलत केली! डॉक्टरांना अर्थातच ते ठाऊक होतं, त्यांनी सकाळीच रक्त पातळ करायची सुई वाढवली होती. आमचं काही बिघडलं नव्हतं. फक्त पोटातला शिरा दगडासारखा झाला.

"बाबा," मी म्हटलं, आणि माझा आवाज चिरकला.

"समजलं," ते म्हणाले. "चुपचाप राय आता. आईले नोको सांगू, साखर ठेवली असन तिनं." खाटेवरच्या, श्वासाला महाग झालेल्या माणसानं तिथून साखर पाहिली होती.

त्यांच्या शेजारच्या खाटेवर वसंतराव होते. अचलपूरचे, गाद्या-रजयांचं दुकान. अमरावतीत खाट मिळाली नाही म्हणून अकोल्यात आलेले. बायको आधीच गेलेली, एकुलती मुलगी कीर्ती तिकडे घरातच आजारी पडून, दाराला पाटी लागलेली. भरतीच्या धांदलीत त्यांनी फोन नंबर म्हणून स्वतःचाच नंबर दिला, त्यामुळे त्यांचे रिपोर्ट त्यांच्याच उशाशी येऊन पडत. आणि चष्मा घाईत घरी राहिलेला. म्हणजे बघा, माणसाचं भविष्य त्याच्या मुठीत, आणि त्याला ते वाचता येत नाही. मग बाबा त्यांना वाचून दाखवायचे.

एक ग्रेडर आणि एक गादीवाला. आयुष्यभर कापूसच हाताळलेले दोघं खाटेला खाट लावून. बाबांच्या आवाजात पुन्हा थोडं पाणी आलं ते वसंतरावांमुळे. फोनवर मला त्यांच्या गप्पा तुकड्यातुकड्यानं ऐकू यायच्या. वसंतराव म्हणत, "आमी ग्रेडरसाहेब, गादीचा एक कोपरा उघडाच ठेवतो. गिऱ्हाइकानं आत हात घालावा, माल पाहावा. पटला का त्याच्यासमोरच कोपरा शिवतो. आंधी नाई." बाबा एवढे खुश झाले की मास्क काढून बोलले, "म्हंजे तुमी बी पोटात हात घालू देता!" नर्स ओरडली. दोघं हसले, खोकले, परत हसले.

नंतर बाबांचे आकडे खरंच उतरू लागले. या वेळी मी मापं तपासून, दोनदा वाचून सांगितलं, "अठ्ठावीस, बाबा. सीआरपी अठ्ठावीस." दुपार होती. बाबा "हं" म्हणाले, आणि फोन बंद न करताच त्यांनी तो चादरीवर ठेवला. मला चादरीची खसखस ऐकू आली आणि त्यापलीकडे वसंतरावांचा आवाज, पार बसलेला. "ग्रेडरसाहेब... माहा बी आला वाटते. वाचा बरं. का निघाला माहा भाव?"

बराच वेळ नुसती बुडबुड.

मग बाबा म्हणाले, "अठ्ठावीस. उतरला. एक नंबर माल हाये वसंतराव, तुमी माह्या आंधी घरी जासान."

मला वाटलं, योगायोग. दोघांचा एकच आकडा. मी वरच्या खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या. वसंतरावांनी लगेच मुलीला फोन लावला, तोही मला ऐकू आला. "कीर्ते, भाव उतरला! ग्रेडरसाहेबानं सांगतलं. कढी करून ठेव बरं, आलोच मी." आणि ते हसले. घसा बसलेला माणूस हसतो तेव्हा फटीतून वारा यावा तसा आवाज येतो.

दुसऱ्या दिवशी बाबांनी भाव विचारला नाही. मीच म्हटलं, "आज इचारत नाई का?" ते म्हणाले, "नाई." मग म्हणाले, "वसंतराव गेले." फोन ठेवला. त्यानंतर घरी येईपर्यंत त्यांनी एकदाही आकडा विचारला नाही.

बाबा घरी आले. आकड्यांनी म्हटल्याप्रमाणे आले, मला काही तक्रार करायची जागा नाही. हद्द उघडल्यावर मी पहिल्या गाडीनं अकोल्याला गेले. अंगणात बाजेवर बसले होते, अर्धे झालेले. मला वाटलं, रडतील. ते म्हणाले, "नंदे, वसंतरावचा दोनशेच्या वर होता. बाकीचे सारे बी तसेच होते."

मला आधी कळलंच नाही. मग अठ्ठावीस आठवले. मी सांगितलेले, त्यांचे स्वतःचे अठ्ठावीस. शेजारच्याला देऊन टाकलेले.

"काहून बाबा?"

"त्यानं माह्याकडे पाह्यलं न, म्हणून." मग बाजेची सैल दोरी ओढत म्हणाले, "खरं सांगतलं असतं त पोरीसंग दोन शब्द बोलला असता. दुकानाचं, घराचं, जे काय मनात असन ते. तो कढीचं बोलला. म्या त्याचं शेवटचं बोलणं खाल्लं नंदे."

मी पुष्कळ सांगितलं. म्हटलं, तुम्ही त्याला शांत झोप दिली. म्हटलं, कळून काय उपयोग होता. बाबा ऐकत होते, पण सासऱ्याच्या गाडीला दोन नंबर देणाऱ्या माणसाची समजूत मी काय घालणार! जन्मात एकच खोटी ग्रेड दिली, आणि तीही अशा गाडीला, जी परत फिरवता येत नाही. तेव्हापासून त्यांनी कापसाला हात लावणं सोडलं. सीतादहीला, म्हणजे कापूस वेचणीच्या पहिल्या पूजेला, ओळखीचे शेतकरी मुठीत बोंडं घेऊन यायचे, "काका, पाहा बरं जरा." बाबा हात मागे घ्यायचे. "आता दिसत नाई मले," म्हणायचे. आई माझ्याकडे बघायची. तिची सुई ते रोज ओवून देत होते.

भविष्य कळावं ही आपली केवढी हौस! आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात, भोवती धान्य ठेवतात आणि सकाळी दाणे कसे हलले ते पाहून पाऊस सांगतात. लोक लांबून ऐकायला येतात, मग आपापल्या मनासारखं तेवढं लक्षात ठेवतात. रक्तातले आकडे त्याहून कितीतरी खरे, त्यांच्या जोरावर डॉक्टरांनी माझा बाप परत दिला, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण आकडा कळल्यावर माणसानं काय करायचं, ते कुठल्या रिपोर्टच्या खाली लिहिलेलं नसतं. डॉक्टरला सुई वाढवता येते. शेजारच्या खाटेवरच्यानं काय वाढवायचं? मला वाटतं बाबा अजून त्याच खाटेवर आहेत, वसंतरावांचा फोन हातात धरून, आणि मी अजून त्या पत्र्याखाली टाळ्या वाजवते आहे. वर्षं उलटली, पण फाल्गुनात आम्ही दोघंही सुटत नाही.

यंदा म्हणूनच, कूलरच्या वाळ्याचा वास सहन होईना तशी मी पिशवी भरली आणि अकोल्याला गेले. दुपारी जेवणाच्या सुमाराला दारात एक बाई उभी राहिली. पस्तिशीची, खांद्याला पर्स, काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी. "ग्रेडरसाहेबाचं घर हेच का? मी अचलपूरची. वसंतरावची कीर्ती."

दुकान ती चालवते आता. सरकी काढलेला कापूस घ्यायला अकोल्याला आली होती, व्यापाऱ्याला विचारत विचारत जुन्या शहरात पोचली. आईनं पाणी दिलं आणि सवयीनं म्हणाली, "जेवूनच जाजो पोरी, कढी-भाकर तयार हाये."

"कढी नोको काकू," ती पटकन म्हणाली. मग हसली. "त्या दिवशी बाबाचा फोन आला न, मी अंगात ताप असून कढी करून ठेवली होती. तेव्हापासून आमच्या घरी कढी होत नाई."

बाबा बाजेवर ताठ बसले होते.

"काका, एकच इचाराले आली," ती म्हणाली. "बाबाचा फोन मले भेटला, पण त्याचं लॉक कोनालेच उघडलं नाई. रिपोर्ट मी पाह्यलाच नाई कधी. बाबा म्हणे भाव उतरला. अन् दुसऱ्या दिवशी..." ती थांबली. "इतके वर्षं मले हेच वाटते, का ते माह्याशी खोटं बोलले. मी घाबरू नाई म्हणून. त्यायनं जन्मात कधी माह्याशी खोटं नाई बोललं हो. शेवटचंच बोलणं खोटं का?"

आईनं पदर तोंडाला लावला. मी बाबांकडे बघितलं. म्हटलं, आता हा माणूस सगळं ओकतो की काय, आणि ओकला तर ही पोरगी ते घेऊन अचलपूरच्या गाडीत कशी बसणार?

"तुहा बाप खोटं नाई बोलला," बाबा म्हणाले. आवाज केंद्रावरचा होता. "त्याले जे सांगतलं तेच त्यानं तुले सांगतलं. आकडा म्या वाचला होता. माह्याजवळ चष्मा नोहता पोरी. चुकलं असन वाचाले माह्याकडून. चूक असन त माही, त्याची नाई."

कीर्तीनं खोल श्वास सोडला. डोळे पुसले. "बस," ती म्हणाली, "येवढंच पाह्यजे होतं मले." मग तिनं कापड सोडलं. आत उशी होती, नव्या पांढऱ्या खादीची, आणि तिचा एक कोपरा उघडा. "तुमच्यासाठी केली. बाबा म्हणत, कोपरा गिऱ्हाइकासमोर शिवाचा. आंधी माल पाहा."

बाबांनी सवयीनं हात मागे घेतला. मग त्यांचा हात हळूहळू पुढे आला, उशीच्या पोटात मनगटापर्यंत गेला आणि चिमूटभर कापूस घेऊन बाहेर आला. दोन अंगठ्यांनी त्यांनी तो ओढला आणि दाराच्या उजेडाकडे धरला. मी किती वर्षांनी ते पाहत होते! "एक नंबर," ते म्हणाले. "खरंच एक नंबर हाये, पोरी."

कीर्तीनं पर्समधून सुई-दोरा काढला. दोरा एकदा चुकला, दोनदा चुकला. बाबांनी ते पाहिलं आणि आईला रोज म्हणतात तसं म्हणाले, "आण इकडे." सुई घेतली, दोरा चिमटीत धरला आणि एका झटक्यात ओवून तिच्यापुढे केला.

मग त्यांच्या लक्षात आलं. सुई धरलेला हात तसाच अधांतरी राहिला. आई भिंतीकडे बघायला लागली. कीर्ती त्या सुईकडे पाहत होती, मग बाबांच्या डोळ्यांकडे, परत सुईकडे. तिच्या तोंडावर काय काय येऊन गेलं ते मला सांगता यायचं नाही.

तिनं सुई घेतली. उशी मांडीवर ओढली आणि मान खाली घालून, बारीक बारीक टाके घालत, तो कोपरा शिवून टाकला. दातांनी दोरा तोडला. उशी बाबांच्या पाठीशी ठेवली आणि ती आईकडे वळली.

"काकू," ती म्हणाली, "कढी वाढता का मले?"